दुसऱ्या बाळंतपणाचे अर्थकारण

पहिले मूल सिझेरियन शस्त्रक्रियेने जन्मले असेल तर दुसरेही त्याच वाटेने जन्मले पाहिजे, हा आज अनेक प्रसूतिगृहांचा अलिखित कायदा होऊन बसला आहे. तपासणीला आलेल्या स्त्रीला पहिल्याच भेटीत विचारले जाते, ‘आधीचे सिझर आहे ना?’ उत्तर होकारार्थी आले की पुढचा प्रश्न असतो तो फक्त तारखेचा. पहिली शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने झाली, गर्भाशयावरचा छेद कोणत्या प्रकारचा होता, दोन बाळंतपणांत अंतर किती आहे, त्या स्त्रीला पुढे आणखी मूल हवे आहे काय, यांपैकी कशाचीही विचारपूस न होता अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. हा निकाल वैद्यकशास्त्राचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यात वैद्यकशास्त्र थोडे आणि अर्थशास्त्र फार असते.

बाळंतपण हा घरातल्या बायकांचा विषय आहे, त्याच्याशी राजकीय पक्षाचा काय संबंध, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी १९२८ साल आठवावे. मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती-साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला तो स्त्रीदाक्षिण्य म्हणून नव्हे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, तसेच जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाचा खर्च कोणी सोसायचा आणि त्याच्या अटी कोणी ठरवायच्या, हा प्रश्न कामगार चळवळीने शंभर वर्षांपूर्वी राजकीय मानला होता. तो आज घरगुती कसा झाला?

‘एकदा सिझेरियन, तर नेहमीच सिझेरियन’ या वचनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी ते १९१६ मध्ये उच्चारले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घेतला जाई. तो व्रण पुढच्या बाळंतपणात उसवण्याचा धोका खरोखरच मोठा होता. पण क्रॅगिन यांचा मुख्य रोख दुसऱ्या शस्त्रक्रियेची भलामण करण्याकडे नव्हता. पहिलीच शस्त्रक्रिया विचार करून करा, कारण तिचे परिणाम त्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणांतही भोगावे लागतात, असा तो इशारा होता. आणि या नियमाला अपवाद असतात, हेही ते जाणून होते. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ करण्यास आरंभ केला आणि तीच आज सर्वत्र वापरली जाते. छेद बदलला, व्रणाची ताकद बदलली, रक्तपेढ्या आल्या, प्रतिजैविके आली. वचन तेवढे जसेच्या तसे राहिले. संयमाचा उपदेश करण्यासाठी उच्चारलेले वाक्य शस्त्रक्रियांची संख्या वाढवण्याच्या कामी लागावे, हा योगायोग म्हणता येत नाही. ज्याला त्याचा उपयोग होता त्याने ते जपून ठेवले.

आता धोक्याचा हिशेब सरळ मांडू. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या राजमान्य महाविद्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, आधी एक सिझेरियन झालेल्या स्त्रीने नियोजनपूर्वक नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर शंभरात ७२ ते ७५ जणींना यश येते. आधी एखादे मूल नैसर्गिक रीतीने झालेले असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. आपोआप सुरू झालेल्या कळांत जुना व्रण उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. हा धोका लहान आहे, पण खोटा नाही. गर्भाशय फाटले तर बाळाला आणि मातेला वाचवण्यासाठी हातात असतात ती मिनिटे. ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझेरियनमध्ये हा धोका जवळजवळ नाहीसा होतो, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या स्त्रीचा जुना छेद उभा आहे, जिचे गर्भाशय पूर्वी फाटलेले आहे, किंवा जिची वार गर्भाशयाच्या मुखावर आली आहे, तिने नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरता कामा नये.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू स्त्रीला सहसा दाखवलीच जात नाही. प्रत्येक नव्या सिझेरियनबरोबर पुढच्या गर्भारपणाची वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका चढत जातो. वार खाली आलेल्या स्त्रियांच्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत (२००६), पहिल्या सिझेरियनच्या वेळी वार रुतण्याचे प्रमाण शंभरात ३, दुसऱ्याच्या वेळी ११, आणि तिसऱ्याच्या वेळी ४० आढळले. अशी वार सोडवताना रक्ताचे पाट वाहतात आणि पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. यात आतडे व मूत्राशय चिकटणे, जखमेचा संसर्ग, आणि वजन उचलून पोट भरणाऱ्या बाईचे महिनोन्‌महिने मोडणारे काम यांची भर घालावी. मध्यमवर्गीय घरात ‘आम्हाला दोनच मुले हवीत’ म्हणून हा धोका बाजूला सारता येतो. पण मुलगा होईपर्यंत जिला मुले जन्माला घालावी लागतात तिच्या बाबतीत हा धोका पुढे ढकललेला असतो, टळलेला नसतो. आणि तो पुढे ढकलून पैसे घेणारा त्या वेळी तिथे असणार नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे या संदर्भात पाहावेत. २००५-०६ मध्ये देशातील बाळंतपणांपैकी ८.५ टक्के सिझेरियनने होत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ झाले आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात ते याच शेवटच्या टप्प्यात २०.१ वरून २५.४ वर गेले. पण खरा अर्थ सरासरीत नाही, फाळणीत आहे. २०१९-२१ मध्ये सरकारी संस्थांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के होते, खाजगी संस्थांत ४७.४. तेलंगणातील खाजगी रुग्णालयांत ते ८१.५ टक्क्यांवर पोचले. त्याच वेळी बिहारच्या सरकारी संस्थांत ते होते अवघे ३.६ टक्के, म्हणजे तिथे जिला शस्त्रक्रियेची नितांत गरज होती अशा कित्येक बायांना ती मिळालीच नसणार. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पलीकडे गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे. वेल्समधील खाणकामगारांचा समाजवादी डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट याने १९७१ मध्ये मांडलेला उलट्या न्यायाचा नियम, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे चांगली आरोग्यसेवा कमी, इथे दुहेरी रूपात दिसतो. पैसे असतील तर नको असलेली शस्त्रक्रिया, पैसे नसतील तर हवी असलेलीही नाही. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयांचे २०१९ मध्ये जे उघडकीस आले ते याच न्यायाचे आणखी एक रूप होते.

ही स्थिती डॉक्टर दुष्ट आहेत म्हणून उद्‌भवली, असे म्हणणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. इथे विकत घेणाऱ्याला काय घ्यायचे हे ठाऊक नसते आणि विकणाराच त्याला ते सांगतो. बाळंतपणात ही विषमता पराकोटीला जाते. ‘बाळाच्या जिवाला धोका आहे’ या वाक्यावर घासाघीस करील अशी आई जगात नाही. आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या कळा बारा-पंधरा तास चालू शकतात. त्या काळात अनुभवी माणूस तिच्यापाशी हवा, बाळाचे ठोके सतत पाहिले गेले पाहिजेत, शस्त्रक्रियागृह सज्ज हवे, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर हवा, रक्त हाताशी हवे. एवढे करून मूल सुखरूप आले की बिल होते ‘नॉर्मल’चे, म्हणजे कमी. याउलट ठरवलेली शस्त्रक्रिया सकाळी तासाभरात उरकते, बिल मोठे होते, खोलीचे दिवस वाढतात आणि दुपारची तपासणी बुडत नाही. विम्याच्या पुष्कळ योजनांतही सिझेरियनसाठी मर्यादा जास्त आणि नैसर्गिक प्रसूतीसाठी कमी असते. ज्या व्यवस्थेत जास्त श्रमाला कमी आणि कमी श्रमाला जास्त मोबदला मिळतो, तिथे कोणते उत्पादन वाढेल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. (पंचांग पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी सुशिक्षित कुटुंबे या व्यवहाराला जे धार्मिक अधिष्ठान देतात, त्याची गंमत वेगळीच.)

याला एक ठराविक उत्तर मिळते. अलीकडच्या बायकांनाच कळा नको असतात, त्याच सिझेरियन मागतात. काही मागतात, हे खरे आहे. पण मागणी शून्यातून निर्माण होत नाही. ज्या कळांच्या खोलीत बाईला एकटे टाकले जाते, आईला किंवा नणंदेला आत येऊ दिले जात नाही, ओरडली तर ‘तेव्हा नव्हतीस ओरडत’ असे ऐकवले जाते, पाठीवर उताणे झोपवून हालचाल करू दिली जात नाही आणि वेदना कमी करण्याचा कोणताही उपाय देऊ केला जात नाही, त्या खोलीपेक्षा तिने सुरीची निवड केली तर ती निवड तिची म्हणावी काय? गिरणीचा मालक कामगाराला बारा तासांचा ठेका आणि उपासमार यांच्यात निवडायला सांगे, तेव्हाही तो त्याला करारस्वातंत्र्यच म्हणत असे. आणि हेही लपवण्यात अर्थ नाही की असे बोलणे बहुतांशी सरकारी प्रसूतिकक्षांतून ऐकू येते. सार्वजनिक सेवेचे समर्थन करणाऱ्या पक्षाने तिच्यातील अपमानाबद्दल मौन पाळले, तर लोक कर्ज काढून खाजगीकडे जातील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

डॉक्टरांच्या भीतीचा मुद्दा मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. तालुक्याच्या गावी पती-पत्नी मिळून चालवीत असलेल्या लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो आणि रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावे लागते. अशा जागी रात्री दोन वाजता व्रण उसवला तर काय होईल, हे त्या डॉक्टरीणबाईंना पक्के ठाऊक असते. त्यांनी नकार दिला तर तो प्रामाणिक नकार आहे. फक्त त्यांनी ‘तुला जमणार नाही’ असे न सांगता ‘माझ्याकडे सोय नाही’ असे सांगितले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली, जमाव जमला, पोलिसांनी खुनाचे कलम लावले आणि त्या स्त्री-डॉक्टरने आत्महत्या केली. रुग्णालयांवर मोर्चे नेणाऱ्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. अशा प्रत्येक मोर्चानंतर आसपासच्या दहा प्रसूतिगृहांत धोका पत्करण्याची तयारी आणखी कमी होते, आणि त्याची किंमत पोटावर टाके घेऊन दुसऱ्याच बाया देतात.

अमेरिकेत नेमके हेच घडले. तेथे आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांतील नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण १९९६ मध्ये २८.३ टक्क्यांपर्यंत चढले होते. १९९९ मध्ये तेथील तज्ज्ञसंघटनेने आणीबाणीची शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर तत्क्षणी उपलब्ध असावा अशी अट घातली, कोर्टकज्जांचे भय होतेच, आणि अनेक रुग्णालयांनी ही सेवाच बंद केली. २००६ पर्यंत प्रमाण ८.५ वर घसरले. एवढ्यावर भागले नाही. यशाची शक्यता वर्तवण्यासाठी २००७ पासून जे गणित वापरात आले त्यात स्त्री कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाची असली की तिचे गुण आपोआप कमी होत. हा वंशाचा घटक काढून टाकायला २०२१ उजाडावे लागले. याउलट स्वीडन, फिनलंड, नेदरलँड्स या देशांत अशा स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणी नैसर्गिक रीतीने प्रसूत होतात. तिथल्या स्त्रियांची हाडे निराळी नाहीत. तिथे बाळंतपणाची मुख्य जबाबदारी प्रशिक्षित, पगारी प्रसूतिपरिचारिकेवर असते आणि शस्त्रक्रिया झाली काय किंवा न झाली काय, कोणाच्या मिळकतीत फरक पडत नाही.

दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईत एक नवा व्यापार उभा राहिला आहे. जो अधिकार गरीब बाईला नाकारला जातो तो संगीत, पाण्याचा टब आणि खास सोबतीण यांसह श्रीमंतांना विकला जातो. त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मात्र त्याच हवेतून पसरणारी ‘घरीच होऊ द्या, शरीराला सगळे कळते’ ही भाषा आधीच्या सिझेरियनच्या स्त्रीसाठी प्राणघातक आहे. निसर्गावर भाबडा विश्वास हा समाजवाद्यांचा मार्ग कधीच नव्हता. शस्त्रक्रियागृह पाठीशी असेल तरच ती न लागण्याची संधी घेता येते.

म्हणून तयारीचा प्रश्न येतो, आणि ती आठव्या महिन्यात सुरू करून भागत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि दुसरे पुष्कळदा सासरी, शहरात किंवा कामाच्या ठिकाणी. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद माहेरच्या ट्रंकेत राहतो, किंवा मिळालेलाच नसतो. मिळाला तरी त्यावर ‘सिझेरियन, मुलगा, ३ किलो’ यापलीकडे काही नसते. पोटावरच्या कातडीचा व्रण आडवा आहे एवढ्यावरून आत गर्भाशयावरचा छेद कसा होता हे कळत नाही. ते शस्त्रक्रियेच्या नोंदीतच असते. ती नोंद आणि शस्त्रक्रियेचे कारण हातात नसेल तर दुसरा डॉक्टर सावधगिरी म्हणून शस्त्रक्रियाच निवडणार. पहिल्या वेळी बाळ पायाळू होते म्हणून सिझेरियन झाले असेल तर ते कारण दुसऱ्या वेळी असेलच असे नाही. पूर्ण कळा येऊनही बाळ अडले असेल तर यशाची शक्यता काहीशी कमी धरावी लागते. दोन बाळंतपणांत अंतर फार थोडे असेल तर व्रण उसवण्याची भीती वाढते, म्हणजे पाळणा लांबवण्याची साधने मिळणे हीही या तयारीचीच पहिली पायरी. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आहेत. अशा शरीराला थोडा रक्तस्रावही झेपत नाही, तेव्हा लोहाच्या गोळ्या आणि ताटातले अन्न यांचाही हिशेब इथेच लागतो. सोनोग्राफीत वार कोठे आहे, जुन्या व्रणावर आहे काय, हे मुद्दाम पाहून घ्यावे लागते.

आणि मग प्रश्न विचारावे लागतात, नवऱ्याने आणि सासूने ऐकत असताना. या रुग्णालयात रात्री शस्त्रक्रियागृह चालू असते काय? भूलतज्ज्ञ कोठे राहतो? रक्त कोठून येते आणि किती वेळात? तारीख उलटली आणि कळा आल्या नाहीत तर काय करणार? कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी औषध दिले तर व्रण उसवण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तर अशा स्त्रीला पूर्ण दिवसांत कळा आणण्यासाठी देऊच नयेत. कळा सुरू होताच घरी वाट पाहत न बसता दाखल व्हायचे, वाहन आधी ठरवायचे, दोन कळांच्या मध्येही न थांबणारी वेदना किंवा रक्तस्राव दिसला तर क्षणाचाही विलंब लावायचा नाही, आणि बाळाच्या ठोक्यांनी इशारा दिला तर मुकाट्याने शस्त्रक्रियेला संमती द्यायची. शंभरातल्या त्या पंचवीस-अठ्ठावीस जणींना शेवटी सिझेरियनच लागते, यात त्यांचा पराभव काहीच नाही. संमती मात्र समजून दिलेली हवी, कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा नव्हे; सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केलेले आहे.

एकट्या स्त्रीने एवढे प्रश्न विचारावेत ही अपेक्षा अर्थात अन्यायाची आहे. ग्राहकाने जागरूक राहावे, हा बाजाराचा उपदेश झाला. २०२१-२२ च्या केंद्र सरकारी आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत स्त्रीरोगतज्ज्ञांची कमतरता सुमारे तीन-चतुर्थांश होती. जिथे डॉक्टरच नाही तिथे प्रश्न कोणाला विचारायचे? २०११ पासून सरकारी संस्थांत सिझेरियनसह सर्व प्रसूती विनामूल्य आहे; पण विनामूल्य सेवा आणि रिकामी खुर्ची यांचा गुणाकार शून्यच येतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिपरिचारिकांची स्वतंत्र श्रेणी उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. तेलंगणाने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, आरंभ केला होता. ८१.५ टक्क्यांच्या राज्याला ही निकड आधी जाणवली यात नवल नाही. महाराष्ट्राने तितक्या टक्क्यांपर्यंत थांबावे काय?

मागण्या नेमक्या हव्यात. २०१७ मध्ये मुंबईतील एका स्त्रीच्या अर्जावरून रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे अशी मागणी देशभर गाजली, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या योजनेतील खाजगी रुग्णालयांना ते दर्शनी भागात लावण्याच्या सूचना निघाल्या. पण एकच ढोबळ आकडा फसवा असतो. गुंतागुंतीच्या बाया जिथे पाठवल्या जातात त्या जिल्हा रुग्णालयाचा आकडा मोठा दिसणारच. त्यावर उपाय उपलब्ध आहे. मायकेल रॉब्सन यांची २००१ ची दहा गटांची वर्गवारी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सर्वांसाठी सुचवली. तिच्यातील पाचवा गट म्हणजे आधी सिझेरियन झालेल्या, पूर्ण दिवसांच्या, एकच व डोक्याकडून असलेले बाळ पोटी असलेल्या स्त्रिया. प्रत्येक नोंदणीकृत प्रसूतिगृहाने पाचव्या गटातील किती जणींना नैसर्गिक प्रसूतीची संधी दिली आणि त्यांपैकी किती यशस्वी झाल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले आहे. त्यातच हे कलम घालता येते, नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सरकारी पैशाने चालणाऱ्या विम्यात दोन्ही प्रकारच्या प्रसूतींना समान मोबदला असावा. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा असावा, आणि कळांच्या खोलीत बाईच्या पसंतीचे एक माणूस बसू द्यावे.

यांपैकी पुष्कळ गोष्टींना पैसा आणि वर्षे लागतील. एका गोष्टीला दोन्ही लागत नाहीत. सिझेरियन झालेल्या प्रत्येक स्त्रीला घरी सोडताना शस्त्रक्रियेचे कारण, गर्भाशयावरील छेदाचा प्रकार आणि पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल की नाही याविषयीचे मत, एवढे मराठीत लिहिलेला कागद सहीनिशी दिला पाहिजे. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत तो उद्यापासून सुरू करायला एक परिपत्रक पुरते. ज्या महापालिकांत आणि जिल्हा परिषदांत पक्षाचे सदस्य आहेत तिथे त्यांनी पुढच्या सभेत हा ठराव मांडावा, आणि जिथे नाहीत तिथे कार्यकर्त्यांनी आशा सेविकांना बरोबर घेऊन आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावा.